हातभर दोर

१९७२च्या दुष्काळात आमच्या गावच्या आडाचं पाणी दिवसेंदिवस खाली चाललं होतं आणि आमच्या घरचं चऱ्हाट दर पंधरा-वीस दिवसांनी अपुरं पडत होतं. मग आई चऱ्हाटाचं वेटोळं माझ्या खांद्यावर देऊन मला मामांकडे पाठवायची. मामा त्याला हातभर, कधी दोन हात दोर जोडून द्यायचे. त्या जोडलेल्या दोराचं आमच्या घरून काही दिलं गेल्याचं मला आठवत नाही. मी पुढे सदतीस वर्षं बँकेत लोकांची कर्जखाती लिहिली, पै-पैचा हिशेब ठेवला. हे एक खातं मात्र मी कधी उघडलंच नव्हतं. आज ते लिहायला बसलो आहे.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगररांगेत, अंबाजोगाईहून पायी निघालं तर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जमीन हलकी, मुरमाड. बांधावर बाभूळ, लिंब आणि केकताड. पश्चिम महाराष्ट्रात याला घायपात म्हणतात. तो शब्द ऐकला की मला त्यात घाव आणि पात असं दोन्ही ऐकू येतं. आमच्याकडे मात्र ते केकताडच. माणसाच्या छातीएवढी उंच पानं, टोकाला सुईसारखा काळा काटा, कडेनं आकड्यासारखे वळलेले बारीक काटे. एकदा बांधावर लावलं की पिल्लं फुटून फुटून त्याचं कुंपण होतं आणि त्यातून शेळीसुद्धा आत शिरत नाही. रेल्वेच्या रुळांच्या कडेला ते ओळीनं लावलेलं दिसतं ते याचसाठी. आमच्या गावात केकताडाला कुणी कधी पाणी घातल्याचं मी पाहिलेलं नाही. ते कुणी लावलं होतं, हेही कुणाला सांगता यायचं नाही.

मामा मातंग समाजातले. दोर वळण्याचं काम त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शेतकऱ्याचं एकही काम दोराशिवाय होत नसे. बैलाला वेसण, म्होरकी, दावं, मुस्कं, औताला जुपणी, गाडीला कासरा, मोटेला नाडा आणि सोंदूर, घरात शिंकं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा नव्या दोरांचा भारा घेऊन घरोघरी जायचे आणि खळं झालं की ज्वारीचं बलुतं न्यायला यायचे. आजोबांच्या मते एवढ्यावर हिशेब मिटत होता. आजोबा त्यांना नुसत्या नावानं, अरे-तुरेनं हाक मारायचे. आईनं मात्र आम्हा भावंडांना बजावून ठेवलं होतं, मामा म्हणायचं, मामी म्हणायचं, आणि तुम्हीनं बोलायचं. मामा मला, नऊ वर्षांच्या पोराला, उलट ‘तुमी’ म्हणायचे. मोठा माणूस पोराला तुम्ही म्हणतो यात काही चुकतं आहे, हे कळायला मला फार वर्षं लागली.

केकताडापासून दोर कसा होतो ते मी मामांच्या अंगणात पाहिलं. पानं बुडातून कापायची, कडेचे काटे तासायचे, पानं उभी चिरून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. बारा-पंधरा दिवसांत गर कुजतो. त्याची घाण सुटते ती पार शिवेपर्यंत येते. मग जुड्या काढून दगडावर आपटायच्या, धुवायच्या. गर निघून जातो आणि हातात पांढरट, लांब धागे राहतात. तो वाख. उन्हात वाळला की वाखाला चमक येते. तो मांडीवर वळून त्याची पेड करायची, लाकडी फिरकीनं पीळ द्यायचा आणि तीन पेडी एकमेकींत घालून दोर वळायचा. वाख धुणं बरंचसं मामींकडे असायचं, पीळ मामांकडे.

बहात्तर साली ओढ्यात पाणीच नव्हतं.

मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी माझ्या पिढीच्या प्रत्येकाला आठवते. माझे वडील, ज्यांनी तोवर दुसऱ्याच्या रानातही मजुरी केली नव्हती, खडी फोडायला जात होते. गावातले निम्मे बैल विकले गेले होते, म्हणजे कासऱ्या-दाव्यांचं कामही निम्मं झालं होतं. पण आडाच्या चऱ्हाटांची गरज दुप्पट झाली. एरवी आमच्या आडाला उन्हाळ्यातही पाच परसांवर, म्हणजे पाच पुरुष खोलीवर, पाणी लागायचं. त्या साली ते सहा परसांवर गेलं, मग सात, मग आठ. गावात तीसेक चऱ्हाटं असतील. सगळी तोकडी पडली. सगळी मामांकडे आली.

आणि वाख कुजवायला पाणी नव्हतं. मग मामा-मामींनी हिरवी पानंच फळीवर ठेवून लाकडी पात्यानं खरडायला सुरुवात केली. ओला, ताजा वाख असाही निघतो, पण केकताडाचा कच्चा रस अंगावर उडतो. मामींचे हात कोपरापर्यंत लाल झालेले मला आठवतात. त्या हात राखेनं चोळायच्या. मला तेव्हा वाटलं, त्या हातांना राखेनं घासण्याची सवयच असेल, भांडी घासल्यासारखी.

मामांचा सांधा मी कितीतरी वेळा जवळ बसून पाहिला आहे. ते गाठ मारत नसत. गाठ रहाटात अडकते आणि ओढणाऱ्या बाईचा तळवा सोलते. ते आधी आमच्या चऱ्हाटाचं टोक वीतभर उसवायचे, तिन्ही पेडी सुट्या करायचे, नव्या दोराच्याही तिन्ही सुट्या करायचे. मग दोन्हीकडच्या पेडी बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या समोरासमोर आणायचे आणि एकेक पेड दुसऱ्या दोराच्या पिळाखालून, एक सोडून एक, आत ओवत न्यायचे. मध्ये मध्ये बोट थुंकीनं ओलं करायचे. ओवून झालं की सांध्यावर पाय ठेवून ताणायचे, उरलेले तंतू दगडावर घासून काढायचे आणि चऱ्हाट माझ्या तळहातावरून ओढून दाखवायचे. ‘लागतंय का कुठं?’ मी म्हणायचो, नाही. हातावरून दोर सरकत जायचा आणि जोड कुठे होता ते मला कळायचं नाही. त्या साली आमच्या चऱ्हाटाला असे सात सांधे झाले.

आता आडाबद्दल सांगायला हवं. ते सांगणं मी आजवर टाळत आलो.

मामांनी वळलेला दोर रहाटावरून आडात उतरायचा, आडाच्या पाण्याला लागायचा, भिजून वर यायचा, साऱ्या गावाच्या बायकांच्या हातांतून फिरायचा. मामा-मामी मात्र आडाच्या कट्ट्यावर चढत नसत. झरे रात्रीतून पाझरायचे, म्हणून बायका पहाटे तीनलाच घागरी घेऊन यायच्या. मामीही यायच्या. त्या लिंबाखाली उभ्या राहायच्या. कट्ट्यावरच्या कुणी बाईनं बोलावलं की पुढे येऊन घागर खाली ठेवायच्या आणि ती बाई वरून पाणी ओतायची. महाडच्या तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी १९२७ साली ओंजळीत घेतलं होतं. पंचेचाळीस वर्षांत त्याचा एक थेंब आमच्या आडापर्यंत पोचला नव्हता. मी दिवा घेऊन आईबरोबर जायचो. मी हे रोज पाहिलं. मामींची घागर बहुतेक वेळा माझी आईच भरायची, आणि माझी आई किती चांगली, असं मला मनातून वाटायचं.

पुढे शिक्षण, मग पुण्यात नोकरी. १९९६ साली वडील गेले, तेव्हा मी दहा-बारा दिवस गावात राहिलो. तोवर आडाला पंप बसला होता, गावात नळ आले होते, बैलांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर फिरत होता आणि दुकानात रंगीत नायलॉनची दोरी वजनावर मिळत होती. मामांची फिरकी खुंटीला टांगलेली होती. ते सांत्वनाला आले आणि अंगणाच्या कडेला बसले. मी त्यांना वर ओट्यावर या म्हणालो. ते म्हणाले, ‘हितं बरं हाय.’ मी पुन्हा म्हणालो नाही.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बोलता बोलता मी म्हणालो, पुण्यात दोन खोल्यांच्या घरात राहतो, पुढे थोडी जागा आहे, काही लावलेलं जगत नाही. ते उठले, कुदळ घेतली आणि मला बांधावर घेऊन गेले. मोठ्या केकताडाच्या बुडाशी वीतभर उंचीचं पिल्लू होतं. त्यांनी त्याच्या आईकडची मुळी बरोबर शोधून एका घावात तोडली आणि पिल्लू पोत्याच्या तुकड्यात बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘लई पाणी नका घालू. हे कोरड्यानं नाई मरत, वल्यानं मरतं.’ एवढंच. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. २००४ साली ते गेले, आणि ते मला आठ महिन्यांनी, गावाकडच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत कळलं.

त्यांचं सांगणं मी पाळलंही नाही. पुण्याला आल्यावर तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात काळी माती आणि शेणखत घालून मी ते पिल्लू लावलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. मला वाटलं, बिचारं उन्हातलं झाड, इथे तरी त्याला सुख लागू दे. श्रावण संपता संपता खालची दोन पानं पिवळी पडली, मग बूड मऊ लागायला लागलं. उपटून पाहिलं तर मुळ्या काळ्या, बोटानं ओढल्या की साल निघून यायची. तेव्हा मामांचा आवाज कानात आला. सडलेलं सगळं चाकूनं पांढरा गाभा दिसेपर्यंत काढून टाकलं आणि पिल्लू तसंच, मातीवाचून, सावलीत खिडकीवर ठेवून दिलं. आठवडा गेला, दुसरा गेला. बुडाची जखम वाळून कडक झाली. मग डब्याच्या तळाला खिळ्यानं दहा-बारा भोकं पाडली, खाली विटांचे तुकडे घातले, त्यावर निम्मा मुरूम, निम्मी जाड वाळू-माती, खत नावाला. पुन्हा लावलं आणि महिनाभर पाण्याचा थेंब दिला नाही. त्याच्या मधल्या कोंभातून एक नवं पान उलगडायला लागलं, त्या दिवशी मी बँकेत कुणालाही न सांगता पेढे वाटले.

२००१ साली स्वतःचं बैठं घर झालं आणि केकताड डब्यातून जमिनीत आलं. पुण्यात अशी झाडं लावणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ऊन पूर्ण द्या आणि पाण्याला थांबू देऊ नका. मी जमिनीपासून हातभर उंच मुरमाचा ढिगारा केला आणि त्यावर ते लावलं, म्हणजे आषाढातली झड लागली तरी पाणी निघून जायचं. पावसाळ्यात वरून काही द्यायचं नाही, हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी एकदा, उन्हाळ्यात पंधरवड्यानं. तेही विसरलं तरी बिघडत नाही. खत वर्षातून एकदा मूठभर. दर वर्षी पिल्लं येतात, ती काढून लोकांना द्यायची, नाहीतर आईची वाढ अडते. मुलं लहान असताना मी पानांची काळी टोकं कात्रीनं बोथट करून ठेवत असे. डोळ्याला लागलं तर खेळ नव्हे. शेजारची मंडळी सांगायची, दारात काटेरी झाड नको, घरात भांडणं होतात. आमच्या घरात त्यावरून एकही भांडण झालं नाही.

झाडाबद्दल वाचायला लागलो ते मामा गेल्यानंतर. आधी वाचलं असतं तर त्यांना सांगता आलं असतं, ही रुखरुख राहिली. केकताड मूळचं मेक्सिकोचं. मामांना ते खरं वाटलं नसतं, कारण त्यांच्या पणज्यानंही याच बांधावरचं केकताड कापलं होतं. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव अगेव्ह, लिनियसनं १७५३ साली दिलेलं, आणि ते ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ उमदा, थोर. आपण त्याला कोरफडीचं भावंड समजतो. इंग्रज व्यापारीही त्याच्या वाखाला कोरफडीचाच वाख म्हणत. पण त्याची सोयरीक कोरफडीपेक्षा शतावरीशी जवळची आहे, कूळ एकच. आणि आपल्या हारांतला, लग्नाच्या मांडवातला निशिगंध तर आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी थेट अगेव्ह वंशातच घातला आहे. तोही मेक्सिकोचाच. कडेच्या आकड्यांवरून आणि अरुंद पानांवरून माझं झाड कँटाला जातीचं ठरलं. याच वंशातल्या सिसलच्या पानांच्या कडा जवळजवळ गुळगुळीत असतात.

पाणी कमी लागण्याचं कारणही तेव्हाच कळलं. इतर बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक रंध्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेनं पाणी गमावतात. केकताड दिवसभर रंध्रं मिटून बसतं. रात्री गारवा आला की उघडतं, कर्बवायू आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतं. हे वाचलं तेव्हा मला पहाटे तीनचा आड आठवला.

या झाडाची एक गोष्ट जवळून दाखवतो. केकताडाची नवी पानं मध्ये एकमेकांना घट्ट लपेटून, भाल्यासारख्या कोंभात वाढतात. त्या दाबात एका पानाच्या कडेचे काटे दुसऱ्या पानाच्या अंगावर उमटतात. पुढे पान सुटतं, वाकतं, दूर जातं, पण शेजाऱ्याच्या काट्यांची फिकट रेघ त्याच्या पाठीवर कायम राहते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती नीट दिसते. नवं पान सुटलं की मी चष्मा लावून ती रेघ शोधायचो आणि ती कोणत्या पानाची ते जुळवायचो.

२०१०च्या हिवाळ्यात आई माझ्याकडे होती, आजारी होती. दुपारी तिची खुर्ची मी केकताडाजवळच्या उन्हात ठेवायचो. एका दुपारी ती झाडाकडे बघत म्हणाली, ‘पाणी मी ओतायचे तिला. पण माझी घागर तिच्या घागरीला लागू द्यायचे नाही. वीतभर वर धरायचे.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘हात दुखायचा.’ पुढे काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

२०१८च्या फेब्रुवारीत झाडाच्या मधून जाड, हिरवा कोंभ वर आला. आधी मला ते पानच वाटलं. आठ दिवसांत तो माझ्या डोक्यावर गेला. रोज चार-सहा बोटं तर नक्की वाढायचा. अगेव्ह फुलतं ते आयुष्यात एकदाच, आणि त्यातच आपलं सगळं साठवलेलं घालून संपतं, हे मला माहीत होतं. लोक त्याला शंभर वर्षांनी फुलणारं झाड म्हणतात, प्रत्यक्षात दहा ते तीस वर्षांत ते फुलतं. माझ्याकडे बाविसाव्या वर्षी फुललं. एप्रिलमध्ये दांडा घराच्या गच्चीला लागला, फांद्या फुटल्या, हिरवट-पिवळी फुलं आली. दिवसभर साळुंक्या आणि बुलबुल, संध्याकाळी वटवाघळं. गावाकडे हा दांडा वाळला की मुलं तोडून आणायची. तो इतका हलका असतो की पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला बांधला तर तो माणूस बुडत नाही. मीही तसाच शिकलो.

पावसाळ्यात फुलांच्या जागी फांद्यांवर बोटभर उंचीची रोपं धरली. बिया नव्हेत, मुळं फुटायला आलेली अख्खी रोपं. पूर्व आफ्रिकेतली सिसलची लागवड अशाच रोपांपासून सुरू झाली. १८९३ साली फ्लोरिडातून हजार रोपं मागवली होती, पोचेपर्यंत त्यातली बासष्टच जिवंत राहिली, आणि तेवढी पुरली. माझ्या दांड्यावर किती होती ते मी मोजलं नाही. खाली पानं मात्र सुरकुतत, राखाडी होत चालली होती.

जी पानं अजून हिरवी होती ती मी कापली. वाख काढून पाहायचाच, असं मनानं घेतलं. काटे तासले, पानं चिरली, मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपात दगडाखाली दाबली. दहाव्या दिवशी वासानं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी हात टेकले, म्हणून लवकरच बाहेर काढली. दगडावर आपटून धुतली. त्याच रात्री दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ उठलं, आग आग झाली. या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मलम दिलं. ते मलम लावताना मला मामींचे राखेनं चोळलेले हात आठवले. पुढे मी तो वाख मांडीवर वळायचा पुष्कळ प्रयत्न केला. पीळ धरेना. हात काढला की सगळं उलगडून जायचं.

२०१९च्या जुलैत मी वाखाची ती जुडी आणि साठेक रोपं घेऊन गावी गेलो. मामी होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, एका डोळ्यानं अंधुक दिसायचं. घर पक्कं झालं होतं, दारात नळ होता, नातवाची मोटारसायकल उभी होती. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा चाचपला. मी जुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाख बोटांमधून ओढला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘कच्चा हाय. आनिक चार रोज पाण्यात पायजे हुता.’

मग लुगड्याचा काठ गुडघ्यावर ओढून त्या बसल्या आणि वाखाची एक बट मांडीवर ठेवून तळहातानं पुढे लोटली. एकदाच. पीळ बसला. दुसरी बट, तिसरी. नातू मोबाईल ठेवून बघायला आला. त्यानं आजीला हे करताना कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासात हातभर दोर झाला. टोकाचे तंतू त्यांनी फरशीवर घासून काढले आणि दोर माझ्या तळहातावरून ओढला.

मी ज्यासाठी आलो होतो ते तेव्हा बोललो. आई काय म्हणाली होती ते सांगितलं. घागर वीतभर वर धरायची ते. ओट्यावर बोलावून पुन्हा न बोलावल्याचंही सांगितलं. मामी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्या आईच्या घागरीला बुडाला पोचा हुता. डाव्या अंगाला. रोज बघायची मी.’

मी काहीच बोलू शकलो नाही. त्यांनी नातवाला पाणी आणायला सांगितलं. त्यानं तांब्या भरून आणला, मी प्यालो, मामींनीही त्याच तांब्यातलं घेतलं. मग त्या म्हणाल्या, चला, पाऊस यायच्या आत रोपं लावून घेऊ. त्यांच्या घरामागे मुरमाची उतरती पट्टी होती, वापरात नसलेली. नातवानं कुदळीनं खड्डे काढायला सुरुवात केली, मी एकेक रोप त्यात ठेवून माती दाबत गेलो. कुंपणासारखी दाट ओळ होईल म्हणून वीत-वीत अंतरावर लावत होतो.

मामी काठी टेकत माझ्यामागून आल्या. काठीनं त्यांनी दोन रोपांमधलं अंतर चाचपलं आणि चौथं रोप काठीनंच उलथून टाकलं.

‘आरं, इतकं जवळ नको लावू,’ त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्या मला अरे-तुरे करत होत्या. ‘तीन तीन हात सोड. मोठं झाल्यावर कापायला मानूस आत शिरला पायजे.’

मी लावलेली रोपं उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून, तीन हात मोजून, लावायला घेतली.